बारा रुपये किलो

मंगळवार बाजारात मैनुद्दीनच्या तराजूत
फुटक्या बादल्यांवर पडला होता समुद्र.
सात तबकड्या, सव्वा किलो.
पंधरा दे, म्हणाला, कव्हरचं काय धरत नाही,
कव्हर वाळवीनं खाल्लंय.

वाळवीतून उरलेली चार पोरं
फळ्यांवर उभी, उघडी,
मागं पाण्याची निळी भिंत.
एकाचं डोकंच नाही,
तरी तोल गेलेला नाही.
आतल्या कागदावर सही, सन चौसष्ट,
कुणी परदेशी इंजिनियर असेल,
माग बसवायला आला असेल मिलमध्ये
आणि परत जाताना
बॅगेत बसलं नाही ते इथं ठेवून गेला असेल.

इथून समुद्र एका रात्रीच्या प्रवासाइतका लांब.
मे महिना. सूर्य बुडाला तरी
पत्रा तापलेल्या तव्यासारखा टकटक करतोय.
सुई टेकवली.

आधी खरखर. ती वाळू, असं मी ठरवलं.
मग एक गिटार, ओली,
दोरीवरच्या चादरीतून पाणी निथळावं तशी,
एकेक सूर पडतो
आणि लांब कुठल्या तरी आडात पुन्हा पडतो.
मग एकाच तारेवर खालीवर, खालीवर,
इतकं भराभर
की सूर उरत नाही, थरथर उरते.
शब्द नाहीत. कुणी गात नाही.
चौघं तोंड मिटून पळतायत.

दारात अंबादासकाका येमुल.
एकेचाळीस वर्षं जॉबर. अशोक चौकापलीकडचा
एक माग नसेल ज्याच्या पोटात त्याचा हात गेला नाही.
त्या खडखडाटानं कानातलं वरचं वरचं सगळं नेलं:
चिमण्या, सायकलची घंटी, नातवाचं रडणं.
राहिलंय ते फक्त जाड.

“काय वाजवलालास बे?”
समुद्र, म्हटलं.
“आँ?”
समुद्र!
त्यानं स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला,
कापडाचा पोत बघताना ठेवतो तसा,
आणि डोळे मिटले.
“पीक बरोबर पडलालंय. हात चांगलाय पोराचा.
पण मागं एक स्प्रिंग हाय की रे. सैल हाय.”

स्प्रिंग असते खरी. मी वाचलं होतं,
पेटीत ताणलेल्या स्प्रिंगमधून आवाज जातो
आणि ओला होऊन, उशिरा, परत येतो.
त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.
दुरुस्त करू का, असं त्यानं विचारलं.
नको म्हटलं तर जरा खट्टू झाला.

साडेआठला व्होल्टेज पडलं.
बल्ब काविळीसारखा पिवळा. गल्लीतले माग धापा टाकायला लागले,
तबकडीही.
उठता उठता लाट खाली बसली,
जाड झाली, गाभण म्हशीसारखी हंबरली,
आणि काका एकदम सरळ झाला.
“आलं. आत्ता आलं ऐकू.”

हात काढून घेतला त्यानं जाळीवरून.
नुसत्या कानानं ऐकत राहिला,
तोंड किंचित उघडं.
काकू विड्यांचं सूप मांडीवरून न उतरवता म्हणाली,
रेडा मारलालेत काय घरात?
कुणी उत्तर दिलं नाही.
मग लाइट नीट झाली
आणि समुद्र पुन्हा वर गेला, त्याच्या हाताबाहेर.

माझ्या प्लेअरला सोळाचा एक खटका आहे.
आजवर गंजून बसला होता,
कशासाठी दिलाय ते कळायचं नाही.
आता रात्रपाळीचा भोंगा झाला की काका येतो,
चप्पल काढतो, खुर्ची ओढतो,
काही बोलत नाही.
मी खटका सोळावर घेतो.

सोळावर ती लाट फुटायला फार वेळ लावते.
तेवढ्यात त्याची अख्खी सुपारी कातरून होते.
मला खरं तर ते गाणं असं आवडत नाही.
बिनडोक्याचा पोरगा फळीवर उभाच आहे,
आणि लाट अजून
येलाली आहे, येलाली आहे.